कोण आजारी आहे?

भाऊ व्हिजिट व्हिसावर शारजात आले, नव्वद दिवसांच्या बोलीवर.
पहिल्याच संध्याकाळी सफरचंद चिरून पुढे ठेवलं
तर ताटलीकडे बघत म्हणाले,
"कोण आजारी आहे?"

चूक त्यांची नव्हती.
लांज्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर.
मिक्स्चरच्या बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवायची,
आणि खाटेखाटेशेजारी स्टुलावर बघायचं
थर्मास, ग्लुकोज, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार सफरचंदं,
एस्टीच्या टपावरून आलेली, लाल, पिठूळ.
आमच्या घरी ताप एकशेदोनवर गेला
तरच एक फोड मिळायची.
मी एकदा थर्मामीटर चहात बुडवला होता.

शुक्रवारी त्यांना जुबैलच्या मंडईत नेलं.
बाहेर चव्वेचाळीस अंश, खाडीवर पांढरं पडलेलं ऊन.
आत गार हवा, ओल्या खोक्यांचा वास
आणि मुर्तजाच्या गाळ्यावर रचलेले ढीग:
चिली, न्यूझीलंड, पोलंड, इराण,
प्रत्येकाच्या गालावर नखाएवढं पारपत्र.

भाऊ उंबऱ्यातच थबकले.
"इतके आजारी आहेत इथे?"

मुर्तजा बंदर लेंगेचा. सुरी बोटासारखी वापरतो.
"खाके देखो बाबा, पैसा नहीं."

गाला खाऊन म्हणाले, गोड आहे, पण पुढे काही बोलत नाही.
फुजीचा रस हनुवटीवरून सदऱ्यात गेला,
तेव्हा काहीच म्हणाले नाहीत, रुमाल शोधत राहिले.
हिरव्या ग्रॅनी स्मिथला डावा डोळा आपोआप मिटला:
"अगं, ही तर कैरी! हिचा मेथांबा होईल."
(झाला. गूळ थोडा जास्त पडला.
तिसऱ्या दिवशी बरणी रिकामी,
शेजारच्या कासरगोडच्या बाईंनी कृती लिहून नेली.)
सगळ्यात देखणं, लालभडक, मेणानं चकाकणारं
त्यांनी न चाखताच परत ठेवलं.
"ह्याला मी ओळखतो. वॉर्डातला आहे."

मग टिचक्या मारू लागले.
फणसाला मारतात तशा, कान जवळ नेऊन.
मुर्तजा आधी हसला,
पुढच्या शुक्रवारी तोही मारत होता,
आणि वजनाच्या रांगेतली फिलिपिनो नर्ससुद्धा
एकेक फळ कानाशी धरून उभी.

सप्टेंबरात लाकडी खोक्यातून लेबनॉनची आली.
बुटकी, एका खांद्यानं वाकडी,
देठापाशी गंज चढल्यासारखी खरखरीत.
मी पुढे सरकले. भाऊ मागेच.
अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाले,
"ह्याला आधी वास येतो, मग चव."
थोडं थांबून: "तुझ्या आईला मी एकही कधी
बरी असताना नेऊन दिलं नाही."
मी खोक्यातली निवडत राहिले. दोन किलो घ्यायची होती,
साडेतीन झाली.

नव्वद दिवस संपले, ते गेले.
मे महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं, रत्नागिरीत.
फोनवर पहिली तक्रार टाक्यांची नव्हतीच:
"सात जण येऊन गेले. सातही जणांनी तीच आणली.
वॉर्डातली. टिचकी मारली तर
उशीला मारल्यासारखा आवाज.
तू येताना ते गंजकं आण."

मुर्तजाला विचारलं.
"अभी किधर? सप्टेंबर."
मग गाळ्याच्या मागून त्यानं एक रिकामं खोकं काढून दिलं,
अजून वास होता त्याला, नाक आत घातलं की.
घरी त्यात मी कांदे ठेवलेत, काय करणार.

भाऊंना कळवलं, सप्टेंबर म्हणतोय.
पलीकडे नर्स काहीतरी मोजत होती, नाडी बहुतेक.
"बरं," भाऊ म्हणाले. "थांबतो मग."